निवड झाल्याचा निरोप

दि. २ जून

ती. काकांस सा. न. वि. वि.

परीक्षा संपली. तुमची पुतणी आता संवादशास्त्राची पदवीधर झाली, म्हणजे माणसं एकमेकांशी का बोलत नाहीत हे तिला सप्रमाण सांगता येतं. त्यासाठी विद्यापीठात कशाला जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणालच. तुम्ही खाली, बाबा वर. घर एक, जिना एक, जिन्यातला फोनही एक. आणि गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून दोघांचे निरोप माझ्यामार्फत, तेही टपालाने. सरांना हे कळलं असतं तर त्यांनी यावरच प्रबंध लिहायला लावला असता, म्हणून मी गप्प राहिले.

विभागाच्या माहितीपत्रकात आमचे सगळे माजी विद्यार्थी नोकरीला लागलेले आहेत आणि हसताहेत. त्यातला एक घरोघरी पाण्याच्या टाक्या विकतो. पण विकताना बोलतो, म्हणून त्याची गणना 'संवाद क्षेत्रात'.

मी मात्र आपल्या गावच्या मोठ्या रुग्णालयात मुलाखत देऊन आले. डॉक्टर काय म्हणाले ते नातेवाइकांना समजेल अशा भाषेत सांगायचं, असं काम आहे. काका, मला ही नोकरी अगदी मनापासून हवी आहे. वसतिगृहात आमचे फोन घेत नाहीत, म्हणून घरचा नंबर दिलाय. निकडीला अधीक्षकबाईंचा नंबर बाबांकडे आहे.

बाबांचा निरोप: जिन्यातला दिवा दिवसाढवळ्या जाळू नये.

राग दिव्यावर काढावा, माझ्यावर लोभ राहू द्यावा.

तुमची,
भोंगा

दि. १५ जून

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद.

आत्ताच एका जाड्या गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावली होती, तेवढ्यात फोन वाजला. रुग्णालयातल्या बाई होत्या. तुझी निवड झाली! गुरुवारी सकाळी कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर ते पुढच्या उमेदवाराला बोलावणार. मी गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवून हे पत्र लिहितोय. चार वर्षं बोलायला शिकलीस ते अगदीच पाण्यात गेलं नाही म्हणायचं.

अधीक्षकबाईंचा नंबर वर तुझ्या बापाने भिंतीला चिकटवलाय, हे मला ठाऊक आहे. पण तो मागायचा म्हणजे त्याच्याशी बोलणं आलं. ते या जन्मी होणे नाही. पत्र आजच टपालात टाकतो, काळजी करू नकोस. बापालाही ही बातमी तूच कळव, त्याला फार आनंद होईल. आणि त्याला म्हणावं, दिवा माझ्या शिलाईच्या पैशांनी जळतो.

माया आहे तशीच आहे, कमीजास्त काही नाही.

तुझा,
काका

दि. २० जून

ती. बाबा आणि ती. काका, दोघांस एकाच कागदावर सा. न.

काकांचं पत्र काल, शनिवारी मिळालं. गुरुवार त्याच्या आधीच येऊन गेला होता. अभिनंदन. तुमच्या एका जिन्याचं अंतर टपालखात्यालाही वेळेत पार करता आलं नाही.

कालच विभागाने विचारलं की सध्या काय करतेस. मी सांगितलं, दोन भावांकडे निरोप्याची नोकरी आहे, कायमची आणि बिनपगारी. ते खूश झाले. मलाही माहितीपत्रकात घालणार आहेत. फोटो हसरा हवा म्हणे.

मला फार राग आलाय. रात्रभर रडले, हेही सांगते. आजपासून मी कुणाचाही निरोप पोचवणार नाही. हे पत्र दोघांना मिळून एकच आहे. कोणी आधी वाचायचं, यावरून हवं तर भांडा, पण तोंडाने भांडा.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

तुमची,
पदवीधर

दि. २६ जून

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली. तडक वर गेलो, तुझ्या बापासमोर ते ठेवलं आणि आधी मीच बोललो. म्हटलं, माझ्यामुळे पोरीची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रुग्णालयात गेलो. ती जागा भरली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तुम्ही दोघं एकाच घरात राहता, मग वर जाऊन सांगितलं का नाही. इतकी वर्षं हा साधा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. बाई म्हणाल्या, खाटेच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून बसलेले असे भाऊ आमच्याकडे रोज येतात. तुमच्यात वाढलेल्या मुलीला आणखी काय शिकवायचं? लहान मुलांच्या विभागात एक जागा निघतेय. सोमवारी तिला भेटायला पाठवा, मात्र शब्द देत नाही.

हे पत्र तुला बाकीचं सविस्तर कळावं म्हणून. सोमवारचं तर तुझ्या बापाने काल माझ्यासमोर अधीक्षकबाईंना फोन करून कळवलंच आहे. मी शेजारी उभा राहून तो काय चुकतो ते बघत होतो.

माझ्यावरचा राग ओसरला असेल तर थोडी माया इकडे वळव.

तुझा,
काका

ता. क. वरचा मजकूर मी वाचला. बाकी सगळं खरं आहे, पण आधी तो बोलला हे साफ खोटं. तो नुसता दारात उभा होता, डोळे पुसत. आत ये, असं मी म्हणालो.

— बाबा