नंदीचा हार

आत्या, आज दुकानात एका गिऱ्हाइकाने नवरदेवाच्या हारात हिरवं जरा जास्त घाला म्हटलं आणि मला एकटीलाच हसू फुटलं. तू असतीस तर त्याला विचारलं असतंस, "नवरदेवाला घालायचाय का बैलाला?"

स्वातंत्र्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. सणसरच्या मळ्यातलं खुरपं चुकवायला मी बारामतीला तुझ्याकडे हार शिकायला आले. पहिला महिनाभर तू मला फुलाला हात लावू दिला नाहीस, नुसतं केळीचं सोपट भिजवून दोर काढायला बसवलंस. "गाठ आवळ, पर देठाचा गळा दाबू नगं," एवढंच शिक्षण. एकदा फूल हुंगलं तर पाठीत धपाटा बसला. "द्येवाच्या आदी तुजं नाक?"

मग इंदापूरच्या एका लग्नातला नवरदेवाचा हार तू माझ्यावर सोपवलास. "ह्यो बिघडला तर उद्याच सणसरला, उसात," म्हणालीस. निशिगंधात मधे मधे मरवा, हा तुझा ठरलेला नमुना. मी मरव्याऐवजी गुरांच्या लसूणघासाच्या कोवळ्या काड्या ओवल्या. काय देखणा हार झाला होता! शेतकऱ्याची पोर असून घास कोण खातं हे माझ्या डोक्यात आलं नाही. मारुतीला नमस्कार करून आलेला नवरदेव गाडीतून उतरतो, बैलांपुढून जायला लागतो, आणि उजवा बैल मान लांब करून हार धरतो. बैल सोडेना, हार तुटेना, म्हणून नवरदेवही दोन पावलं बैलाकडे गेला. शेवटी त्याच्या गळ्यात नुसता दोर राहिला. मुलीचा बाप ओरडला, "अपशकुन झाला!" मी गाडीमागे लपले. मला डोळ्यांपुढे उसाच्या सऱ्या दिसत होत्या.

तू मात्र पुढे झालीस. "अपशकुन कसला, पाव्हणं? नंदीनं सोताच्या तोंडानं परसाद घेतला. आजवर कुणाच्या लग्नात घेतलाय, सांगा बगू!" तिथेच बसकण मारून, सोबत नेलेली फुलांची पाटी उपसून तू दुसरा हार केलास आणि लग्न लागलं. परतताना विचारलंस, "घास का घातलास गं?" मी म्हणाले, "मरवा संपला हुता." तू फक्त "हं" म्हणालीस.

पुढच्या लग्नसराईत इंदापूरची माणसं दारात आली. "आमाला त्यो नंदीचा हार पायजे." तू कपाळाला हात लावलास आणि माझ्या बापाला घासाचा वाफा वाढवायला सांगितलास. आज माझी दोन दुकानं आहेत. परवा सत्कार झाला, तेव्हा माझ्या कल्पकतेवर लोक बोलले. मी तुझं नाव घेतलं, बैलाचं राहून गेलं.

हे पत्र कोणत्या पत्त्यावर धाडू? पाटीतल्या ओल्या फडक्याखाली ठेवून देते. मरवा संपला नव्हता, आत्या. तुझ्यापेक्षा सरस हार करून दाखवायचा होता, म्हणून मी मरव्याची जुडी पाटीत अशाच फडक्याखाली लपवली होती. घरी येऊन पाटी उपडी केली, तर जुडी नव्हती. तू ती दुसऱ्या हारात केव्हाच ओवली होतीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला पुन्हा नवरदेवाचाच हार करायला दिलास.