मधल्या खोलीची व्यवस्था

प्रभू येशूच्या नावाने आणि पवित्र मरियेला साक्ष ठेवून, शनिवार तारीख ७ डिसेंबर १९५७ रोजी, मी रंभा सयाजी त्रिभुवन, वय वर्षे चोवीस, धर्म ख्रिस्ती, शिक्षण मराठी फायनल, मूळ राहणार तालुका नेवासे, हल्ली मुक्काम धर्मभगिनींचा मठ, चिंचवड स्टेशन, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी तब्येत ठणठणीत आहे. सकाळी तीन भाकरी खाल्ल्या, चौथी मठाच्या प्रमुख मदरनी उचलून ठेवली. डोके ठिकाणावर आहे. हसू मात्र आवरत नाही. ते जन्मापासूनच आवरत नाही, तेव्हा त्यावरून पुढे कोर्टात कोणी मला वेडी ठरवू नये.

धडधाकट पोरीने मृत्युपत्र का करावे, हे आधी सांगते. कारण हा शब्द ऐकल्याबरोबर माझी आई सोजराबाई हिने मठाच्या फाटकातच बसकण मारली. "अगं, उद्या तुझं व्रत, म्हंजी लगीनच की! लगनाच्या आदल्या दिशी कुणी मरणाचा कागुद करतं व्हय?" आमच्यात करतात, आई. नियमच आहे. पहिले व्रत घेण्याआधी प्रत्येकीने आपले जे काही असेल त्याची निरवानिरव करायची. उद्यापासून मी दारिद्र्याच्या व्रतात. मग कोणाला काही देता येणार नाही, आणि वरच्यांच्या परवानगीवाचून हा कागदही बदलता येणार नाही. म्हणजे माझ्या मालकीणपणाचा हा शेवटचा दिवस आहे. म्हणून जरा थाटात लिहिते. बाकीच्या नोव्हिसांनी, म्हणजे माझ्यासारख्या शिकाऊ भगिनींनी, चार ओळींत उरकले. त्यांच्याकडे द्यायला काही नव्हते. माझ्याकडे घर आहे, घर!

घर म्हणजे त्यातली एक खोली. माझे वडील सयाजी गवंडी. पिंपरीला पेनिसिलीनच्या कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा नगर जिल्ह्यातून आले आणि दुसऱ्यांच्या भिंती बांधता बांधता स्वतःच्या तीन खोल्या बांधल्या. ओळीने, आगगाडीच्या डब्यांसारख्या. गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. वकील यशवंतराव म्हणाले, ख्रिस्ती माणसाच्या कायद्यात बायकोला एक हिस्सा, मुलाला एक, मुलीलाही तेवढाच. आईने पहिली खोली घेतली, तिथे चूल आहे. ज्योतीरामदादाने शेवटची घेतली, तिथे वारा येतो. मधली माझ्या वाट्याला आली. म्हणजे आईला दादाकडे जायचे तर माझ्या मालमत्तेतून जावे लागते. मला याचे किती हसू येते, काय सांगू!

दादाला मात्र हसू आले नाही. तो कारखान्यात फिटर आहे. त्याच्या डोक्यात कोणीतरी भरवले, की नन झाली म्हणजे तिची खोली मठाची. "म्हंजी माझ्या घराच्या पोटात कानवेंट? मी सेकंड शिफ्ट करून यायचं आन् मधल्या खोलीत घंटा, जपमाळ? बाबानं त्यासाठी इटा वाहिल्या व्हय?" असे म्हणून त्याने बोलणे बंद केले. आणि जाताना सांगून गेला, की उद्याच्या व्रतविधीला तो येणार नाही.

हेच मला लागले आहे. आमच्या भगिनीमंडळाचा रिवाज असा, की व्रत घेणारीला बापाने हात धरून वेदीपर्यंत न्यायचे. बाप नसेल तर भावाने. या भागातून व्रत घेणारी मी पहिलीच मुलगी. बिशपसाहेब पुण्याहून येणार, सगळे पिंपरी-चिंचवड बघायला येणार, आणि मी एकटीच चालत जाणार. मदर अगाथा म्हणाल्या, "मी धरते हात." मदर वसईच्या आहेत, त्यांचा हात फार मायेचा आहे. पण तो दादाचा नाही. आता कलमे.

कलम पहिले, खोलीचे. मठाला खोली देत नाही. मदरना विचारले होते. त्या म्हणाल्या, "मठाला दिलीस तर मी नको म्हणेन. आम्हाला खोली नको, आम्हाला गुरुवार पाहिजे." हा गुरुवार काय ते सांगते. आमच्या भगिनींचे काम बायकांत. मदर म्हणतात, फादर लोकांना ओसरीपर्यंत जाता येते, चुलीपर्यंत बाईच पाहिजे. बाबा होते तेव्हापासून दर गुरुवारी भगिनी मधल्या खोलीत बसतात. कामगारांच्या बायका येतात, साताऱ्याच्या, बीडकडच्या, निर्वासितांच्या छावणीतल्या सिंधी बायाही येतात. एकदा निघोज्याहून बैलगाडी आली ती नऊ बायका घेऊन. कोणाचे डोळे धुवायचे, कोणाच्या पोराचे वजन करायचे, झबली बेतायची, आणि मुख्य म्हणजे बोलायचे. धर्म कोणी विचारत नाही. खरूज सगळ्यांना सारखीच होते.

दादाने माझी वहिनी मंजुळा हिला बजावले, की बैठक असेल तेव्हा त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. वहिनीने शब्द पाळला. ती आपल्या खोलीत उंबऱ्यापलीकडे पाट टाकून बसते. सुया ओवून आत देते, झबले कापून देते, रडके पोर उंबऱ्यावरून घेते, पोट चोळून परत करते. निम्मी बैठक तिच्याच तोंडाकडे बघत बसलेली असते. मी विचारले, "वहिनी, हे चालते?" तर म्हणते, "पाऊल टाकू नगं म्हणले. हात घालू नगं म्हणले न्हाईत." मी इतकी हसले की सिस्टरांनी मला बाहेर काढले.

पण एका गुरुवारी सगळ्या गेल्यावर ती उंबऱ्यावरच बसून राहिली आणि म्हणाली, "तुला बापाची खोली मिळाली. माझं काय हाय गं हितं? झाडू बी सासूबाईंचा." हे ती रागाने म्हणाली नाही, सहज म्हणाली. मला त्या दिवशी हसू आले नाही.

म्हणून माझी मधली खोली, वरच्या पत्र्यासकट आणि खालच्या फरशीसकट, मी मंजुळा ज्योतीराम त्रिभुवन हिला देते. तिच्या एकटीच्या नावावर. नवऱ्याच्या नाही, सासूच्या नाही. यशवंतराव म्हणाले, "बाई, अट घाल. गुरुवारची बैठक चालू ठेवीन असे तिच्याकडून लिहून घे." मी म्हटले, अट घातली तर ते देणे कसले, ते तर भाड्याने देणे झाले. तिला हवी तर बैठक भरवील. नको तर कांदे साठवील. आता मी मरणार कधी आणि तिला खोली मिळणार कधी, हा प्रश्न आहेच, कारण माझी आजी नव्वदीपर्यंत शेळ्या राखत होती. म्हणून मी जिवंत असेपर्यंतचा वापर आणि देखभालही तिच्याकडेच दिली आहे, त्याचा निराळा कागद वकिलांनी केला आहे. किल्ली उद्या तिच्या हातात पडेल. तिला यातले अजून काही ठाऊक नाही.

कलम दुसरे. शिवणाचे यंत्र खोलीबरोबर जाईल. त्याचा पट्टा सटकतो, त्याला शिव्या द्याव्या लागतात. मी उद्यापासून देऊ शकणार नाही. वहिनीला येतात.

कलम तिसरे. बाबांची थापी आणि ओळंबा ज्योतीरामदादाला. बाबांनी ती मला दिली म्हणून तो तेव्हाही रुसला होता. दादा, मधल्या खोलीची दोन्ही दारे भिंत घालून बंद करीन असे तू म्हणाला होतास. घालायची तर वहिनीला विचारून घाल, आणि याच थापीने घाल. बाबांची थापी वाकडे काम करू देत नाही.

कलम चौथे. काळी शेळी आईला. ती तिचीच आहे, पण दूध माझ्या हातालाच देते, म्हणून निम्मी माझी धरली होती. आई, उद्या रडायचे असेल तर मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपल्यावर रड. आधी रडलीस तर मला हसू फुटेल आणि बिशपसाहेब व्रत मागे घेतील.

कलम पाचवे, रागांचे. राग मठात नेता येत नाहीत, म्हणून इथेच ठेवते. शेजारच्या विमलबाईंनी गावभर सांगितले की रंभाला स्थळ मिळेना म्हणून ती नन झाली. विमलबाई, तुम्हीच आणले होते ना ते ओव्हरसियरचे स्थळ? त्याने बाबांना विचारले, "मुलगी हसते का हो सारखी?" बाबा म्हणाले, "हसते. तुम्ही आलात तेव्हापासून तर जास्तच." स्थळ गेले, बाबा पोट धरून हसले. त्या राग-लोभावर मी पाणी सोडले. वहिनीने माझी हिरवी साडी फाडून पडदा केला, तोही सोडला. पडदा छान दिसतो.

कलम सहावे. उद्या मला नवे नाव मिळेल आणि रंभा हे नाव रिकामे होईल. बाप्तिस्म्याच्या वेळी फादर नाक मुरडून म्हणाले होते, हे कसले नाव? बाबा म्हणाले, आमच्या घरात देखणी पोर हिच्या आधी झाली नव्हती. चांगले वापरलेले, कुठे न फाटलेले नाव आहे. ज्या पोरीला हवे तिने घ्यावे.

कलम सातवे. मी मेल्यावर मंडळ म्हणेल तिथे पुरावे. गुरुवारच्या बायकांना चहा द्यावा, साखर हात न आखडता घालावी.

एवढे लिहून झाले. सह्यांसाठी वकील आणि विमलबाई मठाच्या ओसरीवर येऊन बसले. साक्षीदार मिळणेही काही सोपे गेले नाही. काल घरच्या अंगणात यशवंतरावांनी मोठ्याने सांगितले होते, की जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याबायकोला, या कागदातून काही मिळणार नाही. तसे अंगण एकदम रिकामे झाले! आईनेसुद्धा अंगठा पदराखाली घेतला. शेवटी विमलबाई म्हणाल्या, "मला तशीबी ही काय देणार हाय? आणा हिकडं." राग सोडणे हे देणे धरले जाते का, असे मी विचारले. वकील म्हणाले, नाही.

तर त्या अंगठा उठवणार इतक्यात फाटकाची कडी वाजली आणि दादा आत आला. कारखान्यातून थेट, हाताला ग्रीस तसेच. माझ्याकडे बघितले नाही. वकिलांना म्हणाला, "आणा तो कागुद. साक्षीदार मी होतो. सही केली की काय मिळत न्हाई म्हणलात ना? मग मला न्हाईच पायजे. खोली मठाला देऊ द्या, न्हाईतर इहिरीत टाकू द्या. एका खोलीपायी सयाजीची पोर एकली चालत गेली, हे मला ऐकायचं न्हाई." आणि त्याने टाक उचलला.

मी किंचाळले, "दादा! हात लावू नकोस!"

त्याचा चेहरा पडला. "माझी सही बी चालत न्हाई तुला?" मला सांगायचे होते की तुझी सही पडली तर तुझ्या बायकोची खोली जाईल रे. पण हसूच असे फुटले की शब्द येईना. त्याला वाटले मी त्याची थट्टा करते. टाक ठेवून तो फाटकाकडे वळला. विमलबाईंनी धावत जाऊन त्याची बाही धरली, आणि यशवंतरावांनी तिथल्या तिथे कलम पहिले वाचून दाखवले.

दादा परत ओसरीपाशी आला. मग म्हणाला, "मंजुळेच्या नावावर?"

"तिच्याच."

"मग मला त्या खोलीत जायचं आसंल तर?"

"पाऊल टाकण्याआधी तिला विचार."

तो पायरीवर बसला आणि त्याला हसू फुटले. आमच्या घराण्याचेच ते, सुरू झाले की थांबत नाही. मौनाची वेळ होती. मदरनी खिडकी उघडली, आम्हा दोघांना बघितले आणि खिडकी लावून घेतली. हसता हसता तो म्हणाला, "झाडू म्हणाली ती? मला कधी बोलली न्हाई गं." मग डोळे बाहीने पुसले, तर ग्रीस गालभर झाले.

हे सगळे मृत्युपत्रात लिहायचे नसते, असे वकील सांगत आहेत. पण कागद माझा आहे, आणि उद्यापासून कागदही माझा नसेल. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, समजून घेतला. कोणी सांगितले म्हणून लिहिला नाही, कोणी सांगितले म्हणून गाळलाही नाही.

ठिकाण चिंचवड, तारीख ७ डिसेंबर १९५७.

सही: रंभा सयाजी त्रिभुवन

साक्षीदार: विमलबाई सखाराम कापसे, राहणार पिंपरी. निशाणी अंगठा. बाईंच्या सांगण्यावरून नोंदवले, की पोरीला स्थळे येत होती.

साक्षीदार: यशवंतराव वाल्हेकर, वकील, राहणार चिंचवड. लिहून देणारी हिने आम्हा दोघांच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली. तिचा भाऊ ज्योतीराम हजर होता. त्याने कोठेही सही केलेली नाही. सही पुरी होईपर्यंत त्याने बहिणीचा डावा हात धरून ठेवला होता, आणि उद्या तो कसा धरायचा हे तिला पुनःपुन्हा विचारत होता. यास मी दबाव समजत नाही.