झबली कुणाच्या हातची

३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या! कापड दुहेरी घालून कापायचं, ते एकेरी कापलं, आणि शिवून होईपर्यंत कळलं नाही. पिवळ्या ठिपक्यांचं कापड, इतकं मऊ पुन्हा मिळायचं नाही. बसलो उसवत. आता उजवी बाही तुकड्यांतून काढायची म्हणजे जोड आलाच. चूक माझी, पण राग काढला मशीनवर.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जोड काखेत लपवला. शोधून सापडणार नाही. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला घेतल्या, बाळाच्या कातडीला आतून काही टोचायला नको. बटणं नाहीतच, नाड्या लावल्या. झबलं झालं आहे मात्र झकास. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण दुसरं कोण करणार?

कारण संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. दोरीवर वाळत टाकलेलं झबलं हातात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, काय सफाई आहे हो तुमच्या हाताला!"

आणि ही हसली. नुसती हसली आणि चहा टाकायला आत गेली. मी तिथेच खुर्चीत, बोटाला चिकटपट्टी लावून बसलेला. आयत्या बिळावर नागोबा!

मशीन हिच्या माहेरची, हे खरं. पण बत्तीस वर्षं माळ्यावर धूळ खात पडली होती. हिला सुई ओवायचासुद्धा कंटाळा. लेकीचं लग्न झालं, घर सुनं झालं, म्हणून मी ती खाली काढली, तेलपाणी केलं, आणि हात बसत गेला. लेकीला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं आईला म्हातारपणी छंद लागला.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज विचारलं हिला. म्हणाली, "अहो, पुरुषमाणूस झबली शिवतो म्हटलं तर लोक हसतील. मी तुमचीच अब्रू राखते."

म्हणजे उपकारही माझ्यावरच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

कामावर तरी काय वेगळं आहे? दिवसभर मान मोडून कवळ्या घडवतो. एकेक दात घासून, रंग जुळवून बसवतो. पेशंट आरशात बघून हसतो आणि म्हणतो, डॉक्टर, कमाल केलीत. अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे आणि माझं नाव एकालाही ठाऊक नाही. तिथे पगार मिळतो म्हणून गिळतो. घरी का गिळायचं?

११ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला मुलगी झाली! दोघी सुखरूप. फोनवर रडणं ऐकलं. आवाज खणखणीत आहे. ही रडली, मीही रडलो.

मग विहीणबाई फोनवर आल्या. "ताई, तुम्ही फोटो पाठवलेत ती झबली इथे सगळ्यांना आवडली. त्या गळ्याच्या चुण्या कशा घालता? बाळ बघायला याल तेव्हा आमच्या मशीनवर दाखवाच. मी सोडणार नाही."

हिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

हिला पळता भुई थोडी झाली आहे. सकाळी म्हणाली, "हात दुखतो म्हणून सांगू का?" मी म्हटलं, सांग. मग म्हणाली, "नाहीतर चष्मा विसरले म्हणू?" मी म्हटलं, तेही म्हण. खरं सांगायचं मात्र हिच्या मनातही येत नाही.

मला बक्षीस नको, टाळ्या नकोत. शेजारपाजार खड्ड्यात गेला. पण नातीच्या अंगावर जे पहिलं कापड माझ्याकडचं चढेल, ते बाबांनी शिवलंय एवढं माझ्या लेकीला कळलं पाहिजे. लहानपणी तिच्यासाठी मी कधी काही केलं असेल तर ते फी भरणं. हे एकच हाताने केलंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून आलो तर मशीनची सुई मोडलेली! बॉबिनमध्ये दोऱ्याचा हा गुंता. ठिपक्यांच्या कापडाचा उरलेला तुकडा, टोपड्यासाठी जपून ठेवलेला, तोही गायब.

विचारलं. म्हणे, "मी धूळ पुसत होते."

धूळ पुसताना सुई मोडते? आणि धूळ कापड खाते? दोरा सोडवताना एवढी चिडचिड झाली की जेवलो नाही नीट. माझ्या एका गोष्टीला हात लावू नका म्हटलं, तर तीच नेमकी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पिशवी भरली. चार झबली, दोन दुपटी. टोपडं राहिलं ते राहिलंच. परवा लेकीकडे सगळ्यांसमोर सांगणार. हिचा चेहरा पडला तर पडू दे. ठरलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेकीने पिशवी पलंगावर उपडी केली. चारच्या जागी पाच झबली निघाली. पाचवं हिच्या जुन्या मऊ साडीचं, पुढे पिवळ्या ठिपक्यांचा तो तुकडा लावलेला, गळा एकीकडे गेलेला, एक बाही आखूड, नाड्या खालीवर. विहीणबाईंनी ते उचलून धरलं. "अगंबाई, हे कुणी शिवलं?"

ही जमिनीकडे बघत होती. बोटाला चिकटपट्टी.

मी म्हटलं, "मी."

सगळे हसले. विहीणबाई म्हणाल्या, "ताई, मला चुण्या राहू द्या, आधी यांना शिकवा." लेक हसता हसता रडायला लागली. बाकीची बाजूला सारून तिने तेच बाळाला घातलं. म्हणाली, "बाबांच्या हातचं आधी."

निघताना दारात चपला घालताना ही हळूच म्हणाली, "गळा मी चारदा उसवला होता हो."