दिवसाचे पाणी

मुंबई,
मार्च १९३४

सौ. द्वारकेस अनेक आशीर्वाद.

कळ आज कमी आहे. इस्पितळात मऊ भात मिळतो. कलमांना यंदा फळ धरले का?

हे मुद्दाम पाकिटातून पाठवतो आहे. आईला वाचून दाखवू नकोस.

क्ष-किरणांच्या फोटोत माझी दोन्ही मूत्रपिंडे खड्यांनी भरलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, पोटात मिठागर थाटलेत की!" लघवीतून चुना आणि क्षार जातात. त्या मानाने पाणी कमी पडले की ते विरघळून राहत नाहीत, खडा धरतो. मग त्यांनी विचारले, पाणी किती पिता? खडा पडेपर्यंत दिवस मावळल्याशिवाय पाणी घ्यायचे नाही, हा आईने वेळणेश्वराला बोललेला नेम मी सांगितला. किती वर्षे पाळतो आहे, हेही सांगितले. ते पुन्हा हसले नाहीत. आता चिरून उपयोग नाही म्हणतात.

धाकट्या वासूलाही कळा येतात आणि आईने त्यालाही हाच नेम दिला, असे तू लिहिलेस. त्याला पाणी दे. भर दुपारी, आईसमोर दे. माझा खडा पडला, देवाने स्वप्नात येऊन दोघा भावांचा नेम सोडवला, असे तिला सांग. ती खरे मानील.

मग ती नवस फेडायला वेळणेश्वराला निघेल. अडवू नकोस. तूही बरोबर जा आणि तिच्या शेजारी हात जोडून उभी राहा.

तुझा,
केशव