रिकामा दिवस

बाई,

आधी मी माझ्या हातांनी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे कोण लिहितोय हे तुम्हाला विचारावं लागणार नाही. दीड मीटरचा सागवानी ऑप्टिकल बेंच, भिंगं सरकवायला त्याला पडद्याच्या ॲल्युमिनियमची पट्टी. सायकलच्या स्पोकवर टांगलेली पितळी चकती, पीळ देऊन सोडली की एका लयीत मागेपुढे फिरणारी. पंख्याच्या बेअरिंगवर फिरणारा पाट. एरंडेलाने भरलेली उभी नळी, तिच्यातून छर्रे सोडून त्यांचा वेग मोजायचा. जुन्या सीडीच्या तुकड्यावर उजेडाचे रंग वेगळे करणारं खोकं, आतून काजळीने काळं केलेलं, कारण बाजारातला काळा रंग चमकतो. कॉइलं मोजत नाही, ती माझ्या धंद्याचीच. यातल्या पहिल्या तीन वस्तू तुम्ही वापरल्यात, बाकीच्या तुमच्या माघारी झाल्या. एकही विकत आणलेली नाही आणि एकीलाही कंपनीच्या मालाची सफाई नाही. पूर्वी हे मी अभिमानाने सांगायचो. आता नुसतं सांगतो.

पांढरकवड्याच्या बाजारातलं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान अजून तिथंच आहे, बाहेर जळालेल्या पंपांची रांगही तशीच. तुम्ही कॉलेजचा गॅल्व्हानोमीटर कापडी पिशवीतून घेऊन आला होतात. सुई अडकते म्हणालात. मी म्हटलं, "ठेवून जा, संध्याकाळी या." तुम्ही स्टूल ओढून बसलात. "ठेवून नाही जात. माझ्यासमोर उघडा, मला बघायचंय." गिऱ्हाईक असं बोललं की माझं डोकं फिरतं, पण तुम्ही साडीचा पदर खोचून माझ्यापेक्षा जवळून आत बघायला लागलात. सुई सुटली. तेव्हा विचारलंत, "किती शिकलात?"

"दहावी. गणितात उडालो."

"उडालात की बसलाच नाहीत?"

"बसलो, मंग उडालो."

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "जो माणूस ही वस्तू चालू करतो त्याला ती का चालते हे ठाऊक नसावं, हे काही बरं नाही. रविवारी घरी या." असं कोणी मला दुकानात बसून बोललेलं नव्हतं. मला राग आला आणि रविवारी मी आलो.

तुमचं स्वयंपाकघर हीच माझी शाळा. तुम्ही पोळ्या लाटताय, मी उंबऱ्यात बसून गणितं सोडवतोय. थंडीचे दिवस होते. तुम्ही थिजलेल्या तुपाचा स्टीलचा डबा झाकण घट्ट करून पोळपाटाच्या उतारावर आडवा सोडलात. मग तोच डबा गरम पाण्यात ठेवून तूप पातळ केलंत आणि पुन्हा सोडलात. डबा तोच, तूप तेवढंच, उतार तोच, आणि पातळ तुपाचा डबा लवकर खाली आला. "का?" एवढंच विचारलंत आणि तवा ठेवलात. मी आठवडाभर गिऱ्हाइकांच्या मोटारी उलट्यासुलट्या गुंडाळल्या. पुढच्या रविवारी सांगितलं की थिजलेलं तूप डब्यासोबत फिरतं, पातळ तूप फिरत नाही, नुसतं घसरत जातं, म्हणून फिरवण्यात जाणारा जोर वाचतो. तुम्ही त्याच तुपात पोळी बुडवून माझ्या पुढ्यात ठेवलीत. तेव्हापासून 'तुम्ही'चा 'तू' झाला, 'मिस्त्री' मात्र तसंच राहिलं.

फिजिक्सच्या ऑलिंपियाडला बसणाऱ्या पोरांना तुम्ही कॉलेज सुटल्यावर शिकवायचात. दरवर्षी दोन-तीन पोरं, कापूस-सोयाबीनवाल्यांची. पहिल्या परीक्षेसाठी त्यांना स्वतःच्या खर्चाने एसटीने नागपूरला न्यायचात. लेखी जमायचं त्यांना. अडायचं प्रयोगाशी, कारण आपल्याकडे साधनं नव्हती, आणि होती ती मी केलेली. म्हणून तुम्ही तो खेळ काढलात. सराव सुरू व्हायच्या आधी साधनात एक खोट लपवून ठेवायची. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी, चकतीच्या मागे मेणाचा थेंब, शाईच्या बाटलीखाली चुंबक. पोरांनी आधी खोट शोधायची, पाटीवर लिहायची, मगच रीडिंग घ्यायचं. आणि कोणती खोट सापडली हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, म्हणजे पुढच्या पोरांना ती नवीच राहील. दुकान बंद करून मी यायचो तेव्हा सराव आटोपलेला असायचा. साधनं पुन्हा नीट करणं माझं काम. मी करत असताना तुम्ही फळा पुसत सांगायचात, "आज चुंबक ठेवला होता, मिस्त्री. चष्मेवाल्याने बाटली उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. तेव्हा ट्यूब पेटली."

एकदा मला एका पोराची दया आली. नागपूरचा पेपर जवळ आला होता आणि ते रडकुंडीला आलं होतं. दुपारी दुकानावर आलं तेव्हा मी त्याला सांगून टाकलं की आज तारेत बघ. तुम्हाला ते लगेच कळलं. रविवारी तुम्ही मला चहा दिलात, आणि कप रिकामा झाल्यावर म्हणालात, "तू त्याला मदत नाही केलीस. त्याच्या हातातली वस्तू काढून घेतलीस." बास. माझ्या बापाने मला पट्ट्याने मारलंय, त्याचे वळ गेले. हे राहिलं. त्या दिवशी मी ठरवलं की या खेळात आपण सूट द्यायची नाही. कधीच नाही.

मग नागपूरचा दवाखाना. तुम्ही उशीखालून तारेची जाडी मोजायचं पितळी स्क्रूगेज काढलंत, तुमच्या वडिलांचं, आणि म्हणालात, "आता पोरांना तू घे." मी म्हटलं, "बाई, मी दहावी नापास माणूस." तुम्ही म्हणालात, "ते निसर्गाला कुठं माहीत आहे?" तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला ते वाक्य पुन्हा सांगितलं.

मी घेतली पोरं. पुस्तकं वाचली, इंग्रजी शब्द डिक्शनरीत बघून बघून वाचली, आणि तुमचा खेळ एक दिवस चुकवला नाही. सगळ्यांत पुढे गेली ती एक पोरगी. मुकुटबनकडची. बापासोबत पंपाची मोटार घेऊन आली होती, आठवीत असताना, आणि मला म्हणाली, "काका, जयलेल्या तारीचा वास गोड काहून येते?" पुढं पांढरकवड्याला मावशीकडे राहून शिकली. शाळा सुटली की दुकानात. बाई, अशी खोट काढणारी पोर तुमच्याही हाताखालून गेली नसेल. कानाने काढायची. मी मुद्दाम अवघड करत गेलो. एकदा आलेखाचा कागदच झेरॉक्सवर किंचित लहान करून आणला, डोळ्यांना कळणार नाही इतका. तिने त्यावर, रुंदी पाठ असलेलं, दहाचं नाणं ठेवलं, उचललं आणि म्हणाली, "काका, झेरॉक्सवाल्यानं कागद आटवला." मला इतका आनंद झाला की मी तिला रागावलो, की नाण्यावर विश्वास कशाला ठेवला म्हणून.

ती सगळ्या पायऱ्या चढली. बारावीची परीक्षा देऊन मुंबईच्या शिबिराला गेली, जिथून देशाची पाच पोरं निवडून परदेशात पाठवतात. तिची ही शेवटचीच संधी होती, बारावीनंतर पुन्हा बसता येत नाही. बाप सोबत गेला, शेत भावावर टाकून. ती दोघं वर्ध्याला उतरून एसटीने आली आणि घरी न जाता पिशव्यांसकट दुकानात आली. पाचांत नाव नाही हे फोनवर कळलं होतं. बाप पाणी प्यायला आणि म्हणाला, "मिस्त्री, पाचात नाही म्हंजे सहावी आली काय?"

मी म्हटलं, "ते सांगत नाहीत."

"मंग आपून सहावी धरू. गावात सांगाले बरं."

ती वाइंडिंगच्या मशीनजवळ बसली होती, हँडल हळूहळू फिरवत. मी विचारलं, "लेखी?"

"लेखीत वर होती, काका. प्रॅक्टिकलमंधी गेली."

"काय होतं?"

"पोलादाची पट्टी. टोकाले वजनं लावाची अन् थरथर मोजाची. काका, पयल्याच रीडिंगात ग्राफची रेघ सरळ आली. इतकी सरळ का मले भेव लागलं. आपल्याइथं अशी कधी येतच नाही ना. मी म्हटलं, खोट आत कुठंतरी हाय. सगळे रीडिंग काटले. पट्टी सोडून पुन्हा आवळली, लेव्हल पाह्यली, घड्याळ पाह्यलं, वजनं अदलाबदल केली. टेबलाखालती बसून पाह्यलं, तं तिथले सर म्हणे, बेटा, कुछ गिर गया क्या? मी म्हटलं, नाही सर, सापडून नाही राह्यलं."

"मंग? सापडलं?"

"काहीच नव्हतं, काका. साधन चांगलं होतं." हँडल थांबलं. "पुन्हा रीडिंग घ्याले लागली तं टाइम संपला. दुसरा प्रयोग तसाच राह्यला."

मग तिनेच विचारलं, आणि रडत नव्हती, नेहमी विचारते तसंच विचारलं, "काका, चांगलं साधन ओयखाचं कसं?"

बाई, इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही पोराला मी चांगलं साधन दिलेलं नव्हतं. मला वाटलं चूक तुमची आहे. होय, तुमच्यावर रागावलो. दुकान लवकर बंद करून केळापूरच्या रस्त्याने पायी गेलो आणि मनात तुमच्याशी भांडलो, की वाईटावर संशय घ्यायला शिकवलंत, चांगल्यावर विश्वास ठेवायला कुणी शिकवायचं?

मे महिन्यात तुमचा चष्मेवाला आला, उमरखेडचा. आता पुण्याला मोठ्या कंपनीत आहे, केस गेले. इथं एका लग्नाला आला होता, जेवण टाळून दुकानात आला. पोरीचं ऐकून त्याने चष्मा काढून पुसला. "मिस्त्री, तुम्ही रिकामा दिवस नव्हते ठेवत काय?"

"कायचा रिकामा दिवस?"

"बाई ठेवायच्या ना. मधूनच एखाद्या दिवशी साधनात काहीच नसायचं. आपण शोधायचं, ठरलेला वेळ संपला की पाटीवर 'नाही' लिहायचं अन् सुरू करायचं. लय जड जायचं ते. मी तर एकदा नसलेली खोट लिहून मोकळा झालतो. ज्याच्या हातून 'नाही' लिहिणं झालं नाही, त्याले बाई नागपूरले नेत नव्हत्या." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाले माहीतच नाही?"

मला माहीत नव्हतं. बाहेर सांगायचं नाही हा तुमचा नियम, पोरांनी पाळला. आणि तुम्ही? मी आठवायला लागलो. काही संध्याकाळी तुम्ही काहीच सांगायचा नाहीत. मी विचारायचो, "आज काय ठेवलं होतं?" आणि तुम्ही फळा पुसत राहायचात, किंवा "काही नाही रे" म्हणायचात. तुमची तब्येत तेव्हा उतरायला लागली होती. मला वाटायचं, थकल्या असतील. मी तुमच्यासाठी कोपऱ्यावरून चहा आणायचो. उत्तर तुम्ही मला तोंडावर देत होतात आणि मी चहा आणायला जात होतो.

दुसऱ्या दिवशी मुकुटबनची एसटी धरली. पोरगी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग रचायला आईला मदत करत होती. बांधावर बसून तिला सगळं सांगितलं, चष्मेवाल्याने सांगितलं तसं, शब्द न शब्द. तिने हातातली काडी मोडली. "म्हंजे बाईनं ते शिकवलं होतं? शिकवाची गोष्ट होती ते?"

"हो. माह्यापर्यंत आली नाही."

तिने काडीचे दोन्ही तुकडे ढिगावर टाकले. मग म्हणाली, "बरं झालं सांगतलं काका. मले वाटून राह्यलं होतं का खोट माह्यातच हाय. शिबिराहून आल्यापासून मी तेच शोधून राह्यली होती."

आई तिकडून ओरडली, "मिस्त्रीभाऊ, चहा ठेवू काय?" आणि मी हो म्हटलं.

पोरगी विज्ञानाला जाणार आहे, नागपूरला. ती बरी आहे. माझं लिहितो. हे पत्र टाकायला पत्ता नाही म्हणून मोकळेपणाने लिहितो. शिबिराची छापून आलेली बातमी वाचून गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका क्लासचे मालक गाडी घेऊन दुकानात आले होते. त्यांच्याकडे ऑलिंपियाडच्या पोरांसाठी नवी प्रयोगशाळा आहे, सगळी साधनं परदेशी, आणि पोरांना प्रयोग शिकवायला मी हवा होतो. मी नाही म्हटलं. बाजारात सगळे सांगतात की मिस्त्रीने पैशावर लाथ मारली, बाईंच्या पोरांना सोडून जाणार नाही म्हणाला. मी ते खोडून काढत नाही. खरं असं आहे की तुमच्याजवळून मी अजून काय काय अर्धंच उचललंय ते मला माहीत नाही, आणि चांगल्या साधनासमोर उभं राहायची मला भीती वाटली. महिन्याला सत्तर हजार रुपये देत होते, आणि राहायला दोन खोल्या.