दारफळणीचा अडसर

मी, एलोजी मुसाजी झिराडकर, बेने इस्राएल यहुदी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार चिंचवड स्टेशनजवळ, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. छातीचे दुखणे आहे, डोके ठिकाणावर आहे.

१. मुलगा दानिएल सहा वर्षांपूर्वी इस्राएलला गेला. त्याला माझी प्रार्थनेची शाल, नब्यांची मराठी पोथी आणि त्याच्या आईचे मंगळसूत्र पाठवावे. घराबद्दल त्याने हरकत घेऊ नये. कारण कलम तीनमध्ये आहे, ते नीट वाचावे.

२. रंधे, पटाश्या, करवती आणि गुण्या पिंपरीच्या कारखान्यातले माझ्या खात्याचे मुरारी सयाजी यांना. आमचे चार वर्षे वाकडे. हा गृहस्थ रोज हत्यारांना उदबत्ती ओवाळणार आणि सांध्यात फट राहिली की भुसा-सरस भरून ती बुजवणार. मी त्याला ऐकवायचो, ‘नबी सांगून गेलेत, काम खोटे असले की देवाला धूपही नकोसा होतो.’ तो हसायचा. ‘एलोजीराव, तुमचा देव लई तापट हाय.’ माझी स्वतःची फट तोवर मला दिसली नव्हती.

३. राहते घर, दोन खोल्या आणि पडवी, शेजारच्या झोपडीत राहणाऱ्या शालनबाई व तिचा नवरा ज्योतीराम यांना. हे दान नव्हे.

दारफळणी हा आमचा वर्षातला मोठा उपास. त्या दिवशी देव निवाडा करतो, म्हणून दार लावून घरात बसायचे, परक्याला शिवायचे नाही. सन १९५५च्या दारफळणीला दुपारी मी मोठ्याने पोथी वाचत होतो. त्या दिवशी नेमका तोच भाग वाचतात, जिथे देव उपास करणाऱ्यांना खडसावतो, की उपाशी बसता खरे, पण दारात आलेल्या गरिबाला घरात घेता का? तेवढ्यात दारावर थाप पडली. शालनबाई होती. ‘आबा, तुमची हातगाडी द्या वो. मालकांच्या पायावर दगड पडलाय. पुण्याची तीनची आगगाडी गाठायचीय.’

हातगाडी आत पडवीत होती. मी अडसर काढला नाही. उत्तरही दिले नाही. आवाज मात्र चढवला आणि वाचत राहिलो.

शेवटी वाटेने जाणाऱ्या मुरारीने ज्योतीरामला पाठीवर घेऊन स्टेशनावर नेले. तीनची गाडी चुकली, दुसरी दोन तासांनी मिळाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणला असता तर पाय वाचला असता. पुढे मी सागाचा पाय केला, पण मुरारीच्या हाती, माझे नाव सांगायचे नाही या अटीवर पाठवला. असा मी भित्रा.

४. दाराचा अडसर मी स्वतः शिसवीचा केलेला आहे. तो चुलीत घालावा.

५. हातगाडी ज्योतीरामला. माझे प्रेत पुण्याच्या कबरस्तानात न्यायचे आहे, तेव्हा स्टेशनापर्यंत ती त्याच्याकडून मागून घ्यावी. तो देईल.

६. वकील म्हणतात, ज्याला मिळते त्याची साक्ष चालत नाही. म्हणून अवजारांबद्दलचे कलम दोन मी रद्द करतो. अवजारे मुरारीला आजच देऊन टाकली, कारण साक्षीदार मला तोच हवा.

ताजा कलम. आमच्यात मानतात की माणसाचा अपराध माणसानेच माफ करायचा असतो, देव त्यात पडत नाही. दारफळणी लागण्याआधी मी दरवर्षी पुण्याला जाऊन साऱ्या आप्तांची माफी मागतो. तीन वर्षे शेजारचे घर तेवढे राहिले. उद्या दारफळणी, म्हणून आज सही करण्याआधी तिथे गेलो. दार उघडेच होते. शालनबाई भाकऱ्या थापत होती. सगळे सांगितले. मला रडू आले, ते लपवत नाही.

ती म्हणाली, ‘तुमी आत हुता, ठावं हाय मला. तुमचं वाचणं ऐकू येत व्हतं.’ मग थापलेली भाकरी तव्यावर टाकली. ‘माफीचं आज इचारू नका, आबा. पर उद्या उपास सुटला की हिकडंच या जेवायला.’

उद्या अडसर लावणार नाही.

सही: एलोजी मुसाजी झिराडकर

साक्षीदार:
१. मुरारी सयाजी, सुतार (सही)
२. दत्तोबा चिमाजी, किराणा दुकानदार (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम चिंचवड, ता. २३ सप्टेंबर १९५८