आठ अंशांवरचा दिवा

लॉख बान, केप ब्रेटन
६ डिसेंबर १९८८

ति. एफीआजीस,
रनल्डचा सा. न. वि. वि.

तुझं घर उभं आहे. मीही उभा आहे. कॉलेज सोडून आल्यापासून बाप मला फक्त 'प्रोफेसर' म्हणून हाक मारतो, गोठ्यातलं शेण काढायला लावताना तर मुद्दाम. बाकी आमचं बोलणं बंद. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि तुझा लेक कॉलिनकाका तिथे शेजारी कान टवकारून उभा असतो. म्हणून पत्र.

शेजारधर्म म्हणून रोज दुपारी ओढा ओलांडून तुझ्या घरी जातो, नळ सोडून बघतो, घर तापवणाऱ्या बॉयलरची घरघर ऐकतो. तू सांगितलंस तसा थर्मोस्टॅट आठवर आहे. पण आजी, आठ म्हणजे काय गं? आठ अंशांत बटाटे ठेवतात. चहा केला तर वाफ कपातून जास्त निघते की तोंडातून, तेच कळत नाही. तू असताना सोळाच्या खाली काटा कधी गेला नाही. बारा तरी करू दे.

मोरागच्या खोलीचं दार उघडलेलं नाही. नको म्हणालीस ना. नुसता जिन्याखाली उभा राहतो आणि परत येतो. सरोवरावरच्या ज्या बर्फावरून अख्खं गाव गाड्या घालतं, ते तुझ्या नातीखालीच फुटायचं होतं, तेही ती मला कॉलेजात भेटायला बस पकडायला निघालेली असताना. मार्चपासून मी सरोवराकडे पाहिलेलं नाही. बापाला वाटतं परीक्षेला भिऊन पळून आलो. वाटू दे.

लोभ आहे तेवढा ठेव. तो तरी आठवर आणू नकोस.

तुझा
रनल्ड


हॅलिफॅक्स
१३ डिसेंबर

चि. रनल्ड यास,
एफीआजीचे आशीर्वाद.

अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण मजकूर पोचला. आठ म्हणजे आठच. ते तुझ्यासाठी नाहीत, नळ गोठून फुटू नयेत म्हणून आहेत, आणि नळांना चहा लागत नाही.

कॉलिन म्हणतो, आई, रिकाम्या घराला तेल पाजणं म्हणजे मेलेल्या गाईपुढे चारा टाकणं. बॉयलर बंद करायचा, नळ रिकामे करायचे आणि उन्हाळ्यात घर विकून टाकायचं, हे त्याच्या मनात पक्कं आहे. मी पोटच्या पोराशी भांडून एवढंच मिळवलं, की टाकीतलं तेल ईस्टरपर्यंत पुरलं तर घर माझं. मध्येच टँकर बोलवावा लागला तर त्याचं ऐकायचं. आता कळलं, आठ का?

इथे एकवीस अंश असतात. सगळे घरात अर्ध्या बाह्यांनी हिंडतात. माझी पावलं मात्र गारच. कंबर बरी आहे, काठी आवडत नाही.

बापाशी बोल. तोही तुझ्याइतकाच हट्टी आहे, फक्त त्याला जास्त वर्षं सराव आहे. मोरागबद्दल लिहिलंस ते वाचलं. दार बंदच राहू दे.

माया करणारी
एफीआजी


लॉख बान
५ जानेवारी १९८९

ति. एफीआजीस,
सा. न.

हे पत्र कॉलिनकाकाला दाखवू नकोस.

रविवारी वायव्येचा वारा सुटला. संध्याकाळच्या चहालाच अंधार पडतो आताशा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी कप धुवत होतो, तर ओढ्यापलीकडे मोरागच्या खिडकीत उजेड. लाल. मंद. कोणीतरी बसून वाचत असावं तसा.

कोट न घालता धावलो. अंगणातलं बर्फ कोरं होतं, माझ्या दुपारच्या पावलांशिवाय एक पाऊल नाही. दाराला कुलूप. आत सगळं जागच्या जागी, थर्मोस्टॅट आठवर. जिना चढलो. तिच्या दाराखालच्या फटीतून लाल रेघ बाहेर पडली होती. मूठ धरली, फिरवली नाही. तू मना केलंस म्हणून नव्हे. उघडलं आणि आत कोणी नसलं तर, या भीतीने. दाराला कपाळ टेकून हळूच म्हणालो, मी आलोय गं. मग तसाच उभा राहिलो.

वारा पडला तसा उजेडही गेला. काल वारा सुटला, तो पुन्हा आला. आता दुकानातली सेडी रोरी गावभर सांगते की हा सांगाव्याचा दिवा आहे, मरणाआधी दिसतो तो. तिच्या आजीलाही दिसला होता म्हणे. गाव तुझ्याविषयी बोलतंय, आजी. बापाने कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं, म्हणाला, वायर जळत असेल, दार उघडून बघ की, प्रोफेसर. मी म्हणालो, त्या दाराला हात लावलास तर याद राख. पुन्हा बोलणं बंद.

गाव काहीही म्हणो. तो दिवा तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी आहे.

तुझा
रनल्ड


हॅलिफॅक्स
१२ जानेवारी

चि. रनल्ड यास,
आशीर्वाद.

असं आहे होय! तरीच फादरने फोन करून कॉलिनकडे चौकशी केली, की मला झोप लागते का. आणि त्या सेडीने, जिने जन्मात मला उधार मीठ दिलं नाही, तिने फळांचा केक पाठवला. मी मरणार हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

वाचून हसले. मग हसू ओठांवरच राहिलं. माझ्या आईने असा दिवा पाहिला होता, आणि त्याच आठवड्यात माझा भाऊ समुद्रावरून परत आला नाही. मी थट्टा करणार नाही. सुनेला माझा शेवटच्या दिवसासाठी राखलेला निळा झगा इस्त्री करून ठेवायला सांगितला. ती म्हणाली, कुठे लग्नाला जायचंय का. म्हटलं, तसंच समज.

तीन दिवसांनी पुढे लिहिते आहे. पत्र उशीखालीच होतं. आज चर्चमध्ये मिसाला बसले असताना गुडघ्यांना वाऱ्याची झुळूक लागली आणि माझा नवरा ह्यूई आठवला, कपाळाला आठ्या घालून स्क्रूड्रायव्हर फिरवणारा.

ज्या हिवाळ्यात आम्ही त्याच्या औषधपाण्यासाठी बॉस्टनला होतो, त्या आधी त्याने तो लाल टोपीचा विजेचा दिवा त्या खिडकीत ठेवला. खाली एक डबी आहे. खोली सात अंशांखाली उतरली की दिवा आपोआप लागतो. शेजाऱ्याने पाहावा आणि बॉयलर बंद पडला असेल तर धावत यावं, एवढ्यासाठी. तुमच्या स्वयंपाकघरातून दिसणारी आमची ती एकच खिडकी. तुझ्या आजोबाला सांगून ठेवलं होतं. तो गेला. बाप तेव्हा बोटीवर होता, त्याला कोण सांगणार? मीही विसरले.

मोराग लहानपणी कुरकुरायची, आजी, हा दिवा कधी लागतच नाही, टाकून दे. मी म्हणायची, राहू दे, रंग छान आहे. लागणार कसा? ती होती तोवर ती खोली कधी गार पडलीच नाही.

खाली काटा आठ दाखवतो. पण वरचं दार मी बंद केलं, खोली तापवणाऱ्या तिथल्या रेडिएटरची चावीही मीच आवळली. वायव्येचा वारा थेट त्या खिडकीवर येतो. जा, दार उघड. चावी सोड. थर्मोस्टॅट बारावर ने. कॉलिनचं मी बघते.

तुझी
एफीआजी


लॉख बान
२० जानेवारी

ति. एफीआजीस,

नाही उघडणार.

तुझं म्हणणं बरोबर असेल. ह्यूई आजोबा हुशार होते, डबी आहे, सात अंश आहेत, सगळं पटलं. पण काटा बारावर गेला की दिवा विझणार. तुला तेल वाचवायचं होतं ना? मग वाचव की! आठवरच ठेवतो. मला त्यात काही त्रास नाही.

वारा सुटला की मी खिडकीशी बसतो. दिवा लागतो. यंत्र आहे हे ठाऊक असूनही तेवढा वेळ ती तिथे बसून वाचत असते. तू तिचं दार लावून हॅलिफॅक्सला गेलीस. मला जायला दुसरं गाव नाही. माझ्याकडे तेवढंच आहे, ते काढून घेऊ नकोस. रागावलीस तर रागाव.

रनल्ड


हॅलिफॅक्स
२५ जानेवारी

रनल्ड, गाढवा,

दार मी लावलं हे खरं आहे. बोललास ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

आता माझं ऐक. तो दिवा ती आली असं सांगत नाही. तिची खोली गारठली आहे, कोणीतरी या, असं सांगतो. आणि तू खिडकीशी बसून बघतोस. तुझा आजोबा असता तर बूटसुद्धा न घालता ओढा ओलांडून गेला असता.

तरीही तुझीच
एफीआजी


लॉख बान
१ फेब्रुवारी

ति. एफीआजीस,
रनल्डचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी ते चुलीत टाकणार होतो. मग बापाला वाचायला दिलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि टोपी घेतली. आम्ही दोघे गेलो. दिवा लागलेलाच होता.

मूठ मी फिरवली. आत कोणी नव्हतं. खिडकीत तिचे शिंपले, मध्ये तो दिवा. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी गोठून पेला तडकला होता. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ. रेडिएटरच्या नळाला बापाने हात लावला आणि म्हणाला, अजून एक-दोन दिवस गेले असते तर खालच्या मजल्याचं तळं झालं असतं. गुडघे टेकून त्याने चावी सोडली, नळाला ऊन पाण्याची फडकी गुंडाळत बसला. मी पाणी तापवून आणत होतो. त्याने एकदाही प्रोफेसर म्हटलं नाही.

काम झाल्यावर मी तिच्या पलंगावर बसून दिव्याकडे बघत राहिलो. तो केव्हा विझतो ते पाहायचं होतं, नेमकी तेव्हाच पापणी लवली असावी. अंधारात बसलो होतो. मग खोली आणखी तापू लागली, आणि आजी, दाराआडच्या तिच्या लोकरी कोटाला वास आला. ओल्या लोकरीचा, आणि ती खिशात ठेवायची त्या पेपरमिंटचा. गारठ्यात तो वासही गोठला होता. आठवर ठेवून मी इतके दिवस नुसता दिवा बघत होतो.

पुष्कळ वेळाने खाली आलो. बापाने चहा ठेवला होता. थर्मोस्टॅट पाहिला तर वीसवर! मी म्हणालो, बारा सांगितलंय आजीने, टाकी संपली तर कॉलिनकाका घर विकेल. तो म्हणाला, आपल्या टाकीतलं डब्याने आणून ओतू. टँकर न बोलावता पुरवायचं ठरलंय ना? मग झालं. तू फुकट चारा खातोसच, डबे वाहा, प्रोफेसर.

त्या हाकेचा या वेळी राग आला नाही.

सेडी रोरीला दिव्याची गोष्ट सांगितली. ती म्हणते, ते सगळं ठीक, पण केक परत मागणार नाही.

आजही वारा वायव्येचा आहे. मी आमच्या खिडकीशी बसून लिहितो आहे. पलीकडे काळोख आहे, आणि मला दर थोड्या वेळाने मान वर करून तो बघावा लागतो. दार उघडं ठेवलं आहे. घर तापलेलं आहे. तिथे एकवीस अंशांत तुझी पावलं गार का राहतात, ते आता मला कळलं.

ये. निळा झगा घालूनच ये.

तुझा
रनल्ड